कर्जाची बदली

बँकेच्या नोकरीत माणूस दोन गोष्टींना भितो. एक ऑडिट आणि दुसरी बदली. ऑडिट निदान ठरलेल्या वेळी येते, चहा पिते, चार शेरे मारते आणि निघून जाते. बदलीचे तसे नसते. आमच्या सहकारी बँकेच्या शाखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बदली झालीच तर घाटकोपरहून मुलुंडला, पण तेवढ्यासाठीसुद्धा आमचे हेडकॅशियर आठवडाभर अंथरुणाला खिळलेले मी पाहिले आहेत.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला, लोक आपण होऊन, हौसेने, फी भरून एखाद्या गोष्टीची बदली करून घेतात हे ऐकून धक्काच बसतो. पण हल्ली हे सर्रास चालते. माणूस असतो तिथेच राहतो, घरही हलत नाही, आणि घरावरचे कर्ज मात्र बोचकी बांधून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाते. याचे दफ्तरी नाव बॅलन्स ट्रान्सफर आणि लाडाचे नाव बीटी.

हे लाडाचे नाव आमच्या घरी पहिल्यांदा फोनवरून आले. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, ‘सर, होम लोन का बीटी करवाना है?’ फोन स्पीकरवर होता. आमचे बाबा अकोला जिल्ह्यातले, निवृत्त शिक्षक, वय ७६. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘नको म्हणावं. आपल्याकडे आता कपाशी नाही.’

विदर्भातल्या माणसाला बीटी म्हणजे कापसाचे बियाणेच. आणि खरे सांगायचे तर दोहोंत फारसा फरकही नाही. पीक येईल तेव्हा येईल, खर्च मात्र आधी.

आता तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही स्वतः बँकेतले. तुम्हाला दुसऱ्या बँकेचे कर्ज कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या बँकेत कर्मचाऱ्यांसाठी गृहकर्जाची योजना आहे. पण तिच्या मर्यादेत डोंबिवलीला फार तर गॅलरी आली असती. उरलेले घर बाहेरून आणणे भाग होते. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी एका मोठ्या बँकेतून ३० लाखांचे कर्ज घेतले. व्याज ७ टक्के, मुदत १८ वर्षे, हप्ता २४,४६५ रुपये. मी साठीला निवृत्त होणार आणि त्याच सुमारास कर्जही. शाल-श्रीफळ दोघांना मिळून एकच आणले तरी चालले असते, इतका तो हिशोब नेटका होता.

परंतु कर्जाचा दर होता तरता. तरता म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला दोरीने बांधलेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची घरकर्जे अशा एखाद्या बाहेरच्या दराशी बांधावी लागतात. बहुतेकांनी रेपोच धरला. रेपो अधिक स्प्रेड म्हणजे तुमचा दर. मी कर्ज घेतले तेव्हा रेपो होता ४ टक्के आणि माझा स्प्रेड ३. बेरीज ७. बी.कॉम.ला अशी गणिते घातली असती तर माझा वर्ग सुधारला असता.

मे २०२२ मध्ये महागाईवर उपाय म्हणून रेपो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर पोचला. माझा दर झाला साडेनऊ. हप्ता मात्र तेवढाच राहिला, कारण अशा वेळी बँका शक्यतो हप्ता वाढवत नाहीत, मुदत वाढवतात. ऋणकोला कळा लागू नयेत म्हणून ही भूल असते.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्यांना बजावले की दर बदलला की कर्जदाराला नीट सांगा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा, आणि किती हप्ते उरले ते दर तिमाहीला कळवा. त्याप्रमाणे २०२४ च्या सुरुवातीला मलाही पत्रक आले. उरलेले हप्ते : ३१९.

मी बारा भागिले. साडेसव्वीस वर्षे. म्हणजे शेवटचा हप्ता भरताना माझे वय एकाहत्तर. माझ्या आयुर्मानाविषयी एवढा गाढ विश्वास आजवर ज्योतिष्यानेसुद्धा दाखवलेला नाही. त्या महिन्याच्या हप्त्यात साडेबावीस हजार व्याज होते आणि जेमतेम दोन हजार मुद्दल. रोजचे साधारण ६५ रुपये. मी घरात फिरताना हिशोब करू लागलो की आज कुठली फरशी माझी झाली. तेव्हा हप्ता वाढवणे जमण्यासारखे नव्हते. बाबांचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि मुलगी नववीत होती. नववीतली मुलगी हा खर्चाचा स्वतंत्र शीर्षक असलेला प्रकार आहे, हे घरोघरी ठाऊक आहे.

मग २०२५ साल उजाडले. फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन पावलांत रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला. माझा दर आपोआप साडेआठ झाला. कर्ज उरले होते २८ लाख. जुनाच हप्ता धरला तर आणखी १९ वर्षे ८ महिने. एकाहत्तरवरून मी सहासष्टवर आलो. वय असे उलटे जाताना पाहिले की बरे वाटते.

पण त्याच सुमारास आमच्या शाखेत, माझ्याच काउंटरवर, एका दुसऱ्या मोठ्या बँकेचा एक मुलगा येऊन उभा राहिला. टाय लावलेला. कर्जदार शोधायला तो थेट बँकेत शिरला होता! मासा विकायला कोळीवाड्यात जाण्याची ही हिंमत मला आवडली. म्हणाला, ‘सर, साडेसात टक्के.’

मी म्हटलं, ‘रेपो तुम्हाला साडेपाच आणि आमच्या बँकेला वेगळा आहे का?’

‘रेपो सेम सर. स्प्रेड वेगळा. तुमचा तीन, आमचा दोन.’

इथे मेख आहे, वाचकहो, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेपो उतरला की तो सगळ्यांसाठी उतरतो. स्प्रेड मात्र कर्ज घेतेवेळी ज्याचा त्याला चिकटतो. पुढे बँकांना नवी गिऱ्हाईके हवी झाली की नव्यांना स्प्रेड कमी लावतात. जुना आपला जुन्याच स्प्रेडवर. लग्नात नव्या पाहुण्याला जिलेबीचा आग्रह होतो आणि घरचा माणूस वाढप्याची वाट पाहत बसतो, तसे.

तेव्हा पहिल्यांदा मी घरच्याच यजमानाकडे गेलो. म्हणजे जुन्या बँकेत. काउंटरच्या बाहेरून आत पाहण्याचा माझा अनुभव बेताचा. आतल्या माझ्या जातभाईने माझ्याच शैलीत मान वर न करता सांगितले, ‘सर्व्हर डाउन आहे.’ मला गहिवरून आले. अर्ध्या तासाने सर्व्हर वर आला आणि साहेबांनी सांगितले की रूपांतराचे शुल्क भरा, पाव टक्का खाली येऊ. साडेआठचे सव्वाआठ. बाहेर साडेसात उभे होते.

आता निर्णयाची वेळ आली. आणि निर्णयाची वेळ आली की आपल्या समाजात सल्लागार आपोआप उगवतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘कर्ज हलवूही नका आणि फेडूही नका. टॅक्स वाचतो!’ जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते हे खरे. नव्या पद्धतीत तीही नाही. पण मिळाली तरी शंभर रुपये व्याज भरून वीस-तीस रुपये कर वाचवणे म्हणजे पावसात भिजल्यामुळे आंघोळीचे पाणी वाचले म्हणून आनंद मानणे होय.

आमचे हेडकॅशियर म्हणाले, ‘बदली? स्वतःहून?’ आणि पुन्हा नोटा मोजू लागले.

मी स्वतः या प्रश्नाचा विचार लोकलच्या भाषेत केला, कारण माझे सगळे विचार लोकलमध्येच होतात. समजा, सीएसएमटीहून तुम्ही डोंबिवलीची स्लो पकडलीत. ठाण्याला कळले की पलीकडे फास्ट लागते आहे. उतरावे का? उतरायचे तर पूल चढा, पळा, धक्के खा, बसायची जागा सोडा. हा झाला बदलीचा खर्च. प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, घराचे मूल्यांकन, गहाणाचे मुद्रांक शुल्क पुन्हा नव्याने, नोटिशीची नोंदणी. माझ्या बाबतीत सगळे मिळून २५ हजारांच्या घरात जात होते. जुनी बँक मात्र सोडण्याचा दंड लावू शकत नव्हती. तरत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे.

फायदा किती? २८ लाखांवर एक टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी साधारण २८ हजार. म्हणजे पूल चढण्याचे श्रम वर्षभरात वसूल. पुढला प्रवास लांबचा होता, म्हणून बदलीत अर्थ होता. ज्यांचे शेवटचे तीन-चार वर्षांचे हप्ते उरले आहेत त्यांनी मात्र जागचे हलू नये. त्यांच्या हप्त्यात व्याज थोडे आणि मुद्दलच जास्त असते. कोपर आल्यावर गाडी बदलून डोंबिवलीला लवकर पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरा मार्ग गाडी न बदलण्याचा. त्याच गाडीत बसायचे, पण सामान कमी करायचे. म्हणजे मुद्दलात एकरकमी भरणा करायचा. जून २०२५ मध्ये माझी एक विम्याची पॉलिसी पिकली होती. ४ लाख आले होते. हे ४ लाख जुन्या बँकेत भरले की कर्ज २४ लाखांवर येते. मग बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? हप्ता कमी केला तर महिन्याला साडेतीन हजार वाचतात. मुदत कमी केली तर १९ वर्षे ८ महिन्यांचे होतात १४ वर्षे! सेहेचाळीस अधिक चौदा साठ. शाल-श्रीफळ पुन्हा एकत्र.

मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेलो. आमच्या सौभाग्यवतींनी पोळी उलटली आणि विचारले, ‘अहो, आणि चार लाख?’

‘गेले ना कर्जात.’

‘आणि दोन वर्षांनी हिची ॲडमिशन?’

मुलगी अकरावीत गेली होती. कर्जात घातलेले पैसे परत काढता येत नाहीत. ते साठवणीच्या डब्यात न जाता हौदात जातात. ॲडमिशनच्या वेळी चार लाख हवे झाले तर मला नवे शिक्षणकर्ज काढावे लागणार. मी उड्या थांबवल्या. पोळीही तोवर करपली होती आणि तिचा दोष माझ्या नावे लागला.

रात्री टायवाल्या मुलाने दिलेला कागद मी पसरला. त्यावर लाल शाईत छापले होते : ‘हप्ता फक्त २२,५५७! दरमहा बचत १,९०८!’ बारकाईने पाहिल्यावर खाली मुदत दिसली. २० वर्षे. कोणाला १,९०८ रुपये नको असतात? एक गॅस सिलिंडर, थोडी भाजी आणि वर मुलीच्या मोबाईलचे पैसे. पण मी बी.कॉम. उगाच झालो नाही. २२,५५७ गुणिले २४० म्हणजे ५४ लाख १३ हजार. आणि त्याच साडेसात टक्क्यांवर जुनाच २४,४६५ चा हप्ता चालू ठेवला तर कर्ज १६ वर्षे १० महिन्यांत फिटते, एकूण भरणा ४९ लाख ३३ हजार. म्हणजे महिन्याला १,९०८ वाचवण्याची एकूण किंमत ४ लाख ८० हजार रुपये. हलका हप्ता हा प्रकार किराणा दुकानदाराच्या उधारीसारखा आहे. आज हातात काहीच पडत नाही असे वाटते आणि वही मात्र भरत जाते.

बाबा आतल्या खोलीतून हे सगळे ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, ‘काय रे, आकडे मोठे झाले, गणित तेच दिसतं.’ मग त्यांनी स्वतःच्या कर्जाची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती. १९८४ साली त्यांनी शिक्षकांच्या पतसंस्थेकडून घरासाठी कर्ज घेतले. हप्ता ३१२ रुपये. पगारातूनच कापून जायचा. पंधरा वर्षे ३१२ चे ३१३ झाले नाहीत की ३११ झाले नाहीत. मी म्हटलं, ‘बाबा, तुमचं बरं होतं. रेपो नव्हता.’

‘ते नाही सांगत,’ बाबा म्हणाले. ‘शेवटचा हप्ता १९९९ साली कापला गेला. तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतास. पुढल्या महिन्यात ३१२ रुपये जास्त हातात आले, ते मी तुला कॉम्प्युटरच्या क्लासला दिले. तो क्लास होता म्हणून बँकेत चिकटलास. कर्ज केव्हा संपतं याला महत्त्व आहे. कितीनं संपतं याला कमी.’

एवढे बोलून ते झोपायला गेले. शिक्षक माणूस, तासाची घंटा झाल्यावर थांबत नाही.

आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो. माझे चार कागद भरले होते आणि प्रत्येकावर ‘किती वाचतील’ हाच एक प्रश्न होता. सौभाग्यवतींनी दुधाच्या हिशोबाची वही ओढली आणि कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले : ६०. म्हणाल्या, ‘इथे पोचायचं आहे. ॲडमिशनसाठी निदान पावणेदोन लाख हातात ठेवून. आता करा काय करायचं ते.’

बँकेत माझी तेवीस वर्षे गेली, पण कर्जाचा हिशोब शेवटापासून सुरू करावा हे मला कोणत्याही परिपत्रकात सापडले नव्हते. मी पुन्हा कागद घेतला. बदली केली आणि चारांपैकी दोनच लाख मुद्दलात घातले तर कर्ज २६ लाख. साडेसात टक्क्यांवर जुन्या हप्त्याने १४ वर्षे ७ महिने. साठीच्या पलीकडे सात महिने पाय बाहेर राहत होता. मग हप्ता ५३५ रुपयांनी वाढवून सरळ २५ हजार केला. मुदत आली बरोबर १४ वर्षांवर. पंचवीस हजारांचा खर्च उरलेल्या दोन लाखांतून वजा केला, तरी पावणेदोन लाख मुलीच्या नावावर शिल्लक.

म्हणजे साठीला पोचण्याच्या वाटा दोन होत्या. जागचे न हलता चारही लाख हौदात टाकायचे, किंवा महिनाभर कागदपत्रांची धावपळ करून, दरमहा ५३५ रुपये जास्त भरून पावणेदोन लाख हातात ठेवायचे. आम्ही दुसरी वाट धरली. ज्यांच्याकडे मुलीची ॲडमिशन नाही, त्यांनी खुशाल पहिली धरावी. त्यांचेही बरोबरच असेल. पाचशे पस्तीस रुपयांत म्हातारपणाचे सहा-सात महिने विकत मिळतात, एवढे मात्र दोघांनीही ध्यानात ठेवावे. इतका स्वस्त सौदा डोंबिवलीच्या बाजारात दुसरा नाही.

बदली रीतसर पार पडली. त्यात सोसायटीचा ना हरकत दाखला, शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा आणि जुन्या बँकेतली कागदपत्रांची यादी या चार धामांची यात्रा झाली. टायवाला मुलगा शेवटपर्यंत विचारत होता, ‘सर, हप्ता वाढवून कोण घेतं?’ त्याला वाटले असावे की मी बँकेतला असूनही मला समजत नाही. किंवा बँकेतला असल्यामुळेच.

हे प्रकरण शाखेत पसरल्यापासून माझ्या काउंटरवर ठेवीदार कमी आणि कर्जदार जास्त येतात. ‘साहेब, पाऊण टक्का फरक पडतोय, हलवू का?’ ‘एकरकमी भरू की हप्ता कमी करू?’ मी पूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसत असे. आता एकच प्रश्न विचारतो, ‘तुमचं वय काय?’ पुरुष लोक दोन वर्षे कमी सांगतात, म्हणजे कर्ज फेडायला दोन वर्षे जास्त मिळतील या आशेने. गेल्या आठवड्यात एका बाईंनी मात्र पर्स उचलली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मला सुनावले, ‘मी कर्जाचं विचारायला आले आहे, स्थळाचं नाही!’

त्यांचा रागही समजण्यासारखा आहे. पण कर्ज हे सुद्धा एक स्थळच आहे. दिसायला कसे आहे यापेक्षा किती वर्षे सोबत काढायची आहेत ते आधी पाहावे.